जुन्या मोटारींचे दिवे आणि जीर्णोद्धाराचा विवेक

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून अधिक जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र दर्जा दिला. त्यांच्या क्रमांकासाठी ‘व्हीए’ ही वेगळी अक्षरे ठरली. नव्या नोंदणीस २० हजार आणि फेरनोंदणीस ५ हजार रुपये शुल्क आले. ही वाहने रोजच्या वा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाहीत, हेही स्पष्ट करण्यात आले. या दर्जासाठी घातलेली मुख्य अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. चेसिस, बाह्य सांगाडा किंवा इंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसावा. अट योग्यच आहे. परंतु व्याख्येतील या यादीत दिव्यांचा उल्लेख नाही, आणि जुन्या मोटारीचे जे अवयव सर्वांत आधी व सर्वांत बेफिकिरीने बदलले जातात, त्यांत पुढच्या दिव्यांचा क्रम फार वरचा लागतो.

यात एवढे बिघडले काय, असा प्रश्न कोणी विचारील. मोटारीचा धनी हौशी आणि बहुधा श्रीमंत. त्याने आपल्या मालाचे काय करावे हा त्याचा प्रश्न, असे ज्याच्या दारात साधी सायकल उभी आहे त्या वाचकाला वाटणे साहजिक आहे. परंतु हा प्रश्न केवळ धन्याचा नाही. जुनी मोटार ही तिच्या काळाच्या तंत्रज्ञानाची आणि कायद्याची साक्ष असते. ती साक्ष एकदा पुसली की पुन्हा मिळत नाही. आणि दिव्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. रात्री रस्त्यावर आलेल्या मोटारीचे इंजिन कसे आहे याच्याशी समोरून येणाऱ्या सायकलस्वाराला कर्तव्य नसते. तिच्या दिव्याचा झोत मात्र थेट त्याच्या डोळ्यांत शिरतो. जीर्णोद्धार चांगला झाला की वाईट, हे दिव्यापुरते तरी सर्वांच्याच अनुभवाला येते.

दिवा हा मोटारीचा असा अवयव आहे की, त्याच्यावर अभियंता, कायदेमंडळ आणि गिऱ्हाइकाची आवड या तिघांचाही हक्क चालतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारीचे दिवे ॲसिटिलीन वायूवर जळत. कार्बाइडवर थेंब थेंब पाणी सोडायचे, निघणारा वायू नळीने दिव्यात न्यायचा आणि काडी ओढून पेटवायचा, असा तो उद्योग असे. जत्रेतल्या दुकानांतले कार्बाइडचे दिवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. १९१२ च्या सुमारास कॅडिलॅकने विजेवर चालणारा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले आणि चित्र पालटू लागले. दिवे प्रखर झाले, त्याबरोबर समोरच्याचे डोळे दिपू लागले. झोत लांबवर तर जावा, पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जाऊ नये, हा पेच तेव्हापासून आजतागायत चालू आहे, आणि दिव्यांचे बहुतेक चमत्कारिक आकार या पेचातूनच जन्माला आले आहेत.

बहुतेक म्हणायचे कारण असे की, काही आकार निव्वळ हौसेतून आले. १९१० मध्ये कलकत्त्यातील एका धनिक गोऱ्या साहेबाने इंग्लंडमधील लोस्टॉफ्ट येथील ब्रुक कंपनीकडून हंसाच्या आकाराची मोटार करवून घेतली होती. त्या हंसाच्या डोळ्यांत विजेचे दिवे होते व अंधारात ते चमकत. पुढे ती नाभा संस्थानाकडे गेली आणि आता हेग येथील लाउमन संग्रहालयात आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकाअखेर ‘वुडलाइट’ नावाचे दिवे निघाले. शिरस्त्राणासारखा आकार, समोर काचेची एक अरुंद चीर. रक्सटन या मोटारीवर ते फार शोभून दिसत. त्यांचा प्रकाश मात्र बेताचाच पडे. शोभा आणि उपयोग यांची फारकत झाली म्हणजे काय होते, याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल.

अधिक विचारपूर्वक केलेली रचना म्हणजे गॉर्डन बुरिग यांनी रेखाटलेली ‘कॉर्ड ८१०’. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली, तेव्हा पाहणाऱ्यांना तिच्या पुढच्या बाजूला दिवेच दिसेनात. ते मडगार्डांच्या पोटात दडवलेले होते. डॅशबोर्डाच्या दोन टोकांना दोन लहान हँडले होती. विहिरीवरचा रहाट फिरवावा तसे हँडल फिरवले की त्या त्या बाजूचा दिवा हळूहळू बाहेर येई. कॉर्ड यांच्याच उद्योगसमूहात स्टिन्सन ही विमाने बनवणारी कंपनी होती आणि तिच्या विमानांना उतरताना लागणारे दिवे या कामी वापरले गेले. एकट्या चालकाला दोन्ही दिवे काढायचे तर गाडीच्या दुसऱ्या टोकापर्यंत हात लांबवावा लागे. सोयीच्या दृष्टीने ही योजना काही आदर्श नव्हती. परंतु वाऱ्याला अडवणारा प्रत्येक उंचवटा मोटारीच्या अंगावरून काढून टाकावा, हा विचार त्या हँडलांतून जितका स्पष्ट दिसतो तितका तो कोणत्याही जाहिरातीतून दिसणार नाही. कंपनी १९३७ मध्ये बंद पडली, मोटारी ३ हजारांच्या आतच निघाल्या, आणि कल्पना मात्र पुढे जवळजवळ सात दशके टिकली.

कायद्याचा हात दिव्यावर सर्वांत घट्ट पडला तो अमेरिकेत. १९४० पासून तेथे सात इंच व्यासाचा, काच व परावर्तक एकत्र मोहोरबंद केलेला गोल दिवा रूढ झाला व असे दोनच दिवे असावेत असा दंडक आला. दिवा गेला की पेट्रोल पंपावर नवा मिळावा, ही त्यामागची सोय होती आणि ती खोटी नव्हती. चार लहान दिव्यांना १९५० च्या दशकाअखेर परवानगी मिळाली, चौकोनी दिव्यांना १९७० च्या दशकात, आणि बल्ब बदलता येणाऱ्या स्वतंत्र आकाराच्या दिव्यांना तर १९८३ पर्यंत थांबावे लागले. म्हणजे एका पिढीहून अधिक काळ अमेरिकी मोटारीला तोंड कसेही असले तरी डोळे सरकारी मापाचेच लावावे लागत. १९४८ मध्ये प्रेस्टन टकर यांनी दोन दिव्यांच्या मध्ये स्टिअरिंगबरोबर वळणारा तिसरा दिवा बसवला. त्यांच्या अवघ्या ५१ मोटारी तयार झाल्या, आणि तो मधला दिवा आज त्या मोटारीची ओळख होऊन बसला आहे. चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीने त्याच्या आधी, १९३५ मध्येच, आपल्या मोटारीच्या नाकावर तिसरा दिवा दिला होता.

वळणाऱ्या दिव्याची कल्पना पूर्णत्वाला नेली ती फ्रान्सने. १९५५ मध्ये आलेल्या सिट्रोएन ‘डीएस’ मोटारीचा चेहरा १९६७ मध्ये बदलण्यात आला. प्रत्येक बाजूला एका काचेआड दोन दोन दिवे आले. बाहेरचे दिवे गाडी पुढे झुकली वा मागे बसली तरी झोताची पातळी कायम राखत. आतले, लांब पल्ल्याचे दिवे स्टिअरिंगबरोबर वळत. स्टिअरिंगची हालचाल तारांच्या व दांड्यांच्या साहाय्याने दिव्यापर्यंत नेलेली होती. त्यात संगणक नाही, मोटार नाही, काही नाही. घाटातल्या वळणावर पुढच्या दरीऐवजी रस्ताच उजळून निघावा, ही किती साधी आणि किती उपयुक्त गोष्ट आहे, हे वरंधा किंवा आंबेनळी घाटातून रात्री गेलेल्या माणसाला पटवून द्यावे लागणार नाही. परंतु हीच मोटार अमेरिकेत गेली की तिचे काचेचे आवरण निघे, वळणारे दिवे जात आणि त्यांच्या जागी चार गोल, उघडे, न हलणारे दिवे येत. वळणारा दिवा आणि दिव्यावरची काच, दोन्ही तेथील नियमांत बसत नव्हती.

याच नियमांमुळे इंग्लंडच्या जग्वार ‘ई टाइप’ मोटारीच्या दिव्यांवरील काच १९६७ मध्ये गेली आणि फोक्सवॅगनच्या ‘बीटल’चे तिरपे दिवे त्याच सुमारास सरळ उभे झाले. दिव्याची जमिनीपासूनची किमान उंचीही ठरलेली होती. नाक खाली झुकलेली मोटार करायची आणि दिवा मात्र उंच ठेवायचा, तर तो हवा तेव्हा वर येणारा असावा हे ओघानेच आले. १९६२ च्या लोटस एलानमध्ये दिवे निर्वाताच्या जोरावर उठत. १९६३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये ते विजेच्या मोटारीने फिरत. १९६५ च्या ब्यूइक रिव्हिएरात एकावर एक रचलेल्या दिव्यांवरची जाळी शिंपल्यासारखी उघडे. १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउराचे दिवे आकाशाकडे पाहत पडून असत व लावले की मान वर करीत. १९६८ च्या ओपेल ‘जीटी’त चालकाने शेजारचा दांडा जोर लावून ढकलला की दोन्ही दिवे एकाच दिशेने कुशीवर वळावे तसे वळून बाहेर येत. पुढे लहान आकाराचे प्रखर दिवे आले, पादचाऱ्याला धडक बसली तर पुढे आलेला भाग घातक ठरतो हा विचार रुजला, आणि २००४ मध्ये कॉर्व्हेट व लोटस एस्प्री यांच्याबरोबर उघडझाप करणाऱ्या दिव्यांचे युग संपले.

हे सारे सांगायचे ते एवढ्यासाठी की, यांतला प्रत्येक दिवा एखाद्या प्रश्नाचे उत्तर आहे. जीर्णोद्धार करणाऱ्याने ते उत्तर वाचण्याजोगे ठेवले पाहिजे. प्रत्यक्षात घडते ते निराळेच. उठणारा दिवा अडकू लागला की तो वरच्या स्थितीत पक्का करून टाकतात. डीएसच्या दिव्यांच्या तारा तुटल्या की त्या काढून फेकतात. गाडी तर चालते ना! परावर्तक काळवंडला की त्याला क्रोमचा मुलामा देतात. आणि अलीकडे तर जुना बल्ब काढून त्याच खोबणीत एलईडी बसवणे ही सर्रास रीत झाली आहे. गाडी प्रदर्शनात उभी राहते, झळाळते, बक्षीसही मिळवते. कारण प्रदर्शने दिवसाउजेडी भरतात. दिवे पाहायचे तर अंधार हवा, ही गोष्ट परीक्षकांच्या ध्यानात येत नाही.

परावर्तकाचेच उदाहरण घ्यावे. जुन्या दिव्यांतील चांगले परावर्तक पितळी पत्र्याचे असून त्यांवर चांदीचा मुलामा असे. चांदी आपल्यावर पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी सुमारे ९५ टक्के परत फेकते. क्रोम डोळ्यांना तितकेच चकचकीत दिसते, पण ते जेमतेम ६५ टक्क्यांच्या आसपासच परत पाठवते. म्हणजे पैसे खर्चून, मेहनत घेऊन दिव्याचा तिसरा हिस्सा प्रकाश घालवायचा, आणि मग जुने दिवे मंदच असायचे अशी तक्रार करायची! चांदी दमट हवेत व गंधकाच्या संपर्काने काळी पडते, हे खरे. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तर फारच लवकर. परंतु त्यावरचा उपाय म्हणजे तिचा त्याग नव्हे. काच आणि कडे यांमधली बुचाची वा रबराची पट्टी नवी घालावी, पाणी निचरण्याचे छिद्र मोकळे ठेवावे, आणि पितळ उजळण्याच्या पॉलिशने परावर्तक कधीही घासू नये. चांदीचा थर इतका पातळ असतो की चार दिवाळ्यांच्या साफसफाईत तो निघून जाईल. ज्यांना चांदी परवडत नाही त्यांच्यासाठी निर्वातात ॲल्युमिनियमची वाफ बसवण्याची पद्धत आहे. तिची परावर्तनशक्ती चांदीहून थोडी कमी असली तरी क्रोमहून पुष्कळच अधिक आहे आणि ती टिकतेही.

मुलामा देण्याआधी पोचे काढावे लागतात, आणि येथे खरे कसब लागते. परावर्तकाचा आकार अन्वस्त वक्राचा, म्हणजे शाळेत ज्याला ‘पॅराबोला’ म्हणून शिकवतात त्याचा असतो. त्या वक्राच्या नाभीवर बल्बची तार आली तरच झोत सरळ जातो. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की झोत फुटतो. म्हणून पोचा काढताना पत्रा ताणला जाता कामा नये. लाकडी ठोकणीवर हलक्या हाताने, फिरवत फिरवत तो बसवावा लागतो. पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यान्पिढ्या हातोडीच्या ठोक्यांनी तांब्याला आकार देणाऱ्यांचे कसब याच जातीचे आहे. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या दिव्यांची कडी आणि काचा शोधत फिरणाऱ्या हौशी मंडळींनी दिव्याबरोबर असा हातही शोधला पाहिजे. सुटा भाग पैसे देऊन मिळतो. हात मात्र राखावा लागतो.

काचेबाबतही असाच गैरसमज आहे. दिव्याच्या काचेवरील उभ्या-आडव्या रेघा नक्षीसाठी नसतात. झोत कोठे पसरावा व कोठे कापला जावा हे त्या ठरवतात. युरोपात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डिपरचा झोत रस्त्याच्या कडेला अधिक आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला कमी, असा एकांगी पडू लागला. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे तिकडून आणलेल्या मोटारीची मूळ काच आपल्या रस्त्यावर नेमकी समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश टाकते. अशा वेळी डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी त्याच कंपनीने त्याच काळात काढलेली काच शोधून ती बसवावी व मूळ काच कापडात गुंडाळून जपून ठेवावी, हा मार्ग योग्य होय. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाअखेरपासून १९९३ पर्यंत पिवळा प्रकाश सक्तीचा होता. तेव्हा त्या काळच्या फ्रेंच मोटारीचा पिवळा बल्ब हा कोणाच्या आवडीचा भाग नसून तिच्या जन्मदाखल्यावरची नोंद आहे, हेही विसरू नये. आपल्याकडे १९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळात दिव्यांचा वरचा भाग काळा रंगवीत. एखाद्या अ‍ॅम्बॅसडरच्या वा फियाटच्या काचेवर त्या रंगाचा अंश उरला असेल, तर तो खरवडून काढण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

जुने दिवे मंद का, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दिव्यात नसतेच. ते तारांत असते. बल्बला मिळणारा दाब १० टक्क्यांनी घटला तर त्याचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. पन्नास वर्षांच्या वायरी, गंजलेले जोड, रंगावर टेकवलेली अर्थिंगची तार आणि सगळा प्रवाह वाहून वाहून झिजलेले बटण एवढी साखळी पार करून बल्बपर्यंत पोचता पोचता १० टक्के दाब सहज हरवतो. अनेक जुन्या मोटारी तर सहा व्होल्टच्या. तेवढ्याच उजेडासाठी त्यांच्या तारांतून दुप्पट प्रवाह जातो, आणि तीच खराब तार तेथे प्रमाणाने चौपट नुकसान करते. यावर उपाय स्वस्त आहे. जाड वायर, स्वच्छ जोड, पत्रा घासून केलेले अर्थिंग, आणि दिव्याजवळ आड जागी बसवलेला एक रिले व फ्यूज. डॅशबोर्डावरचे बटण जुनेच राहते, पण त्याच्यावरचा भार नाहीसा होतो. वायर कापडी वेष्टनाची मिळते, त्यामुळे पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. आणि उद्या कोणाला मूळ जोडणी हवी झाली तर हे सारे तासाभरात उतरवता येते.

येथे कर्मठ शुद्धतावाद्यांशीही मतभेद नोंदवणे भाग आहे. आवरण तडकलेली, आतली तार उघडी पडलेली वायर ‘मूळची’ म्हणून तशीच ठेवणारे लोक आहेत. अशा वायरीने मोटार पेटली म्हणजे मूळचे असे काहीच उरत नाही. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने स्वीकारलेल्या ‘तुरिन सनदे’तही जतनाला अग्रक्रम दिलेला आहे, आणि आवश्यक बदल करावे लागलेच तर ते मूळ रचनेला धक्का न लावणारे व परत फिरवता येण्याजोगे असावेत, असा तिचा रोख आहे. या कसोटीवर रिले टिकतो. क्रोमचा मुलामा टिकत नाही, कारण तो देण्यासाठी उरलीसुरली चांदी खरवडावी लागते.

दिवे उठवणाऱ्या यंत्रणांना अधिक सबुरी लागते. लोटस एलानचे उदाहरण बोलके आहे. इंजिनाच्या ओढीने निर्माण होणारा निर्वात साठवण्यासाठी तिच्या चेसिसचा पुढचा पोकळ आडवा भागच टाकी म्हणून वापरला आहे. सुरुवातीच्या मोटारींत निर्वात संपला की दिवे खाली बसत. पुढच्या आवृत्तीत रचना उलटी करून निर्वात संपला तर स्प्रिंगने दिवे वर राहतील अशी सोय केली. काळोखात दिवे अचानक मिटण्यापेक्षा दिवसा उघडे राहिलेले बरे, हे शहाणपण अनुभवानेच आले असणार. या मोटारीचा एक दिवा डुलकी घेऊ लागला की कारागीर दिव्यापाशीच खटपट करीत बसतो. वास्तविक शोध उलट दिशेने, उगमापासून घ्यावा लागतो: आडव्या भागाला गंजून छिद्र पडले आहे काय, एकमार्गी झडप बसते काय, रबरी नळ्या तडकल्या आहेत काय, आणि सर्वांत शेवटी दिव्यामागचा पडदा फाटला आहे काय. हातपंप आणि दाबमापक घेऊन एकेक भाग वेगळा तपासला तर दोष सापडतोच. हा त्रास नको म्हणून विजेची मोटार बसवून मोकळे होणारेही पुष्कळ. दिवे उठतात, पण चेसिसचा सांगाडाच हवेची टाकी व्हावा, ही काटकसरीची बुद्धी त्या गाडीतून निघून जाते. विजेवर चालणाऱ्या रचनांत बहुधा सुकून दगड झालेले ग्रीस आणि भुगा झालेली प्लॅस्टिकची बूश एवढाच दोष असतो. इंग्लंडमधील १९३० च्या दशकातील लुकासच्या मोठ्या दिव्यांत डिपर लावला की डावा परावर्तक विद्युतचुंबकाने खाली कलत असे व उजवा दिवा विझत असे. डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला ती योजना साजेशी होती. संस्थानिकांच्या इंग्रजी मोटारींबरोबर असे दिवे येथेही आले. ‘एकच दिवा लागतो’ म्हणून हा चुंबक काढून टाकणाऱ्या कारागिराने दोष दुरुस्त केला नाही, रचना मोडली.

एक कठीण प्रश्न उरतो, तो अमेरिकेसाठी बनलेल्या डीएसचा. तिचे चार उघडे दिवे कुरूप दिसतात याबद्दल दुमत नाही. म्हणून धनी युरोपातून काचेआडचे वळणारे दिवे मागवतो आणि बसवतो. ई टाइपच्या उघड्या दिव्यांवर काच चढवणारेही हेच म्हणतात की, आम्ही मूळ कल्पनेकडेच परत जात आहोत. युक्तिवाद आकर्षक आहे, पण तो मान्य करता येत नाही. रेखाटनकाराच्या मनातली मोटार एक, आणि कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेली मोटार दुसरी. जतन करायची ती दुसरी. एका देशाच्या कायद्याने एका सुंदर चेहऱ्याचे काय केले, याचा तो उघडा दिवा पुरावा आहे. तो पुरावा कुरूप आहे म्हणून नष्ट करणे हे इतिहासकाराचे काम नव्हे.

राहता राहिला एलईडीचा प्रश्न. आजच्या रहदारीत जुन्या दिव्यांनी दिसत नाही, जीव महत्त्वाचा की मूळपणा, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. परंतु जुना परावर्तक आणि काच एका बारीक तापलेल्या तारेसाठी गणित करून घडवलेले असतात. त्या जागी चपट्या पट्टीच्या दोन अंगांना चिकटवलेले प्रकाशकण बसवले की प्रकाश वाढतो, पण तो पडायचा तेथे पडत नाही. चालकाला जवळचा रस्ता लखलखीत दिसतो आणि आपले काम फत्ते झाले असे वाटते. दूरचा रस्ता पूर्वीइतकाच अंधारा राहतो, आणि झोत डिपरची मर्यादा ओलांडून समोरच्याला आंधळे करतो. सुरक्षितता वाढते ती भासापुरती. शिवाय एलईडी पुढच्या काचेला ऊब देत नाही, त्यामुळे आत साचलेला दमटपणा तसाच राहून परावर्तक लवकर जातो. आणि ज्या वाहनाला नियमानेच रोज रस्त्यावर येण्याची मुभा नाही, ज्याने रात्री लांबचा प्रवास करण्याचे कारण नाही, त्याच्यासाठी रहदारीची सबब फार ताणता येत नाही. जुनी मोटार रात्री चालवायचीच तर जुन्या मोटारीच्या वेगाने चालवावी.

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिचे दिवे सात इंची, गोल, साधे होते. त्यांत चमत्कारिक काहीच नव्हते. अ‍ॅम्बॅसडरचेही तसेच. परंतु आज सहज मिळतात म्हणून उद्याही मिळतील, असे मानण्यात अर्थ नाही. कॉर्डचे दिवेही एके काळी मोटारीबरोबर मिळतच होते. तेव्हा व्हिंटेज नोंदणीच्या अर्जाबरोबर दिव्यांचे मूळ बनावटीचे वर्णन, केलेले बदल आणि काढून ठेवलेले भाग यांची नोंद मागवण्यास परिवहन खात्याला अडचण वाटू नये. तपासणीही खर्चाची नाही: संध्याकाळची वेळ, २५ फुटांवर एक पांढरी भिंत, आणि डिपरचा झोत दिव्याच्या उंचीच्या वर चढतो की नाही हे पाहणारा एक निरीक्षक. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना एखादा जुना दिवा खोलून जोडायला दिला, तर प्रकाशशास्त्राचा जो धडा फळ्यावर समजत नाही तो त्यांना हातात धरता येईल. आणि जुन्या मोटारींच्या संघटनांनी आपल्या प्रदर्शनांतले निदान एक बक्षीस सूर्यास्तानंतर द्यावे. परीक्षकांनी दिवा उठवायला सांगावे, वळवायला सांगावे, डिपर करायला सांगावे, आणि गुण त्यानंतर मांडावेत.